शंभरावी गोळीही आतच राहायला हवी

बंदुकीची स्प्रिंग बदलली, चाप पुन्हा बसवला, सगळे सुटे भाग तेल लावून जोडले. आता ती नीट चालते का हे कळायला मार्ग एकच, खरं काडतूस भरून ती झाडून बघायची. आणि बंदूक झाडली की गोळी कुठेतरी जाणारच. ते ‘कुठेतरी’ आधीच पक्कं करण्यासाठी जे बांधतात त्याला बुलेट ट्रॅप म्हणतात, म्हणजे गोळी पकडून आत ठेवणारा सापळा. बंदुका दुरुस्त करणारे कारागीर, काडतुसांचे कारखाने, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, शूटिंग रेंज, सगळ्यांकडे तो कुठल्या ना कुठल्या रूपात असतो.

हा सापळा घरीच करावा असं अनेकांना वाटतं, कारण दिसायला तो फार सोपा असतो. लाकडी खोकं, त्यात वाळू, मागे जाड पत्रा. पहिली गोळी झाडली, ती आत राहिली, की माणूस निर्धास्त होतो. मला काळजी वाटते ती याच निर्धास्तपणाची. पहिली गोळी बऱ्याच गोष्टींत थांबते. प्रश्न शंभराव्या गोळीचा असतो, कारण तोवर सापळा आतून पार बदललेला असतो आणि बाहेरून मात्र जसाच्या तसा दिसतो.

गोळी ‘अडवायची’ म्हणजे काय

नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण 8 ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला साधारण 350 मीटर वेगाने निघते. तिची गतिज ऊर्जा होते सुमारे 490 ज्यूल. हा आकडा हातात घेऊन बघायचा तर क्रिकेटचा चेंडू घ्या. 160 ग्रॅमचा चेंडू ताशी 63 किलोमीटर वेगाने, म्हणजे अगदी सावकाश टाकला, तर त्याचा संवेग या गोळीइतकाच भरतो. तो चेंडू आपण हातात झेलतो. पण चेंडूची ऊर्जा असते जेमतेम 25 ज्यूल, गोळीची तिच्या वीसपट, आणि ती सगळी करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर येऊन आदळते. गोळी धक्का फारसा देत नाही, ती भोक पाडते, ते यामुळे.

झेल घेताना आपण हात मागे नेतो. हात ताठ ठेवले तर तळवे झिणझिणतात. सापळ्याचं सगळं शास्त्र याच हालचालीत आहे. गोळीला थांबायला किती अंतर दिलं, यावर तिथे किती बळ लागेल ते ठरतं. वरची गोळी 25 सेंटिमीटर अंतरात थांबली, तर सरासरी 2000 न्यूटन बळ लागतं, म्हणजे दोनशे किलो वजन टेकल्यासारखं. तीच गोळी 5 मिलिमीटरमध्ये थांबवायची ठरवली तर ते बळ होतं जवळजवळ एक लाख न्यूटन, दहा टनांचा भार. इतक्या भारापुढे शिसं टिकत नाही. ते द्रवासारखं पसरतं आणि आजूबाजूला उडतं. म्हणून सापळ्यांच्या दोनच जाती उरतात. एक, गोळीला लांबवर घासत नेऊन दमवणारी. दुसरी, तिला फोडून तिचे तुकडे ठरलेल्या दिशेलाच जातील अशी सोय करणारी.

बंदुकीनुसार हा हिशोब फार बदलतो. साध्या .22 रायफलीच्या गोळीत 140 ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. 7.62 मिलिमीटरच्या लष्करी रायफलीची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला 840 मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा सुमारे 3350 ज्यूल भरते, पिस्तुलाच्या जवळजवळ सातपट. पिस्तुलासाठी बांधलेला सापळा रायफलीला चालत नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. सापळ्यावर तो कोणत्या काडतुसासाठी आहे हे ठळक अक्षरात रंगवून ठेवावं.

वाळूचं खोकं आतून

वाळू स्वस्त, जड आणि समंजस असते. गोळी आत शिरली की दाणे एकमेकांवर घासतात, सरकतात, काही चिरडतात, आणि गोळीचा वेग त्यात खर्च होतो. पिस्तुलाची गोळी घट्ट बसलेल्या वाळूत साधारण वीतभर जाऊन थांबते. सापळ्याची खोली मात्र तेवढीच ठेवून भागत नाही, ती याच्या कितीतरी पट ठेवतात, आणि त्याचं कारण पुढे येतंच आहे. रायफलीच्या टोकदार, वेगवान गोळीचं वाळूत थोडं वेगळं होतं. ती शिरताच तोल जाऊन आडवी होते आणि पुष्कळदा फुटते. त्यामुळे ऊर्जा इतकी जास्त असूनही ती वाटते तितकी खोल जात नाही.

वाळू चाळलेली हवी. एखादा सुपारीएवढा खडा मधे आला तरी गोळी त्यावरून वळते आणि खोक्याच्या बाजूच्या फळीकडे जाते, जिथे जाडी ठेवायचा विचार कुणी केलेला नसतो.

आता ते खोकं शंभर गोळ्यांनंतर उघडून बघू. समोरच्या फळीला जी बारीक भोकं पडली होती ती एकमेकांत मिसळून मुठीएवढं भगदाड झालेलं आहे. त्यातून वाळू थोडी थोडी गळत राहिली आहे, आणि जी गळली नाही ती प्रत्येक धक्क्यागणिक खाली बसत गेली आहे. परिणामी खोक्याच्या वरच्या भागात चार बोटं, कधी त्याहून जास्त, रिकामी जागा झाली आहे. झाकण बंद असल्यामुळे ती कुणाला दिसलेली नाही. नेम थोडा वर गेला तर पुढची गोळी वाळूला शिवणारही नाही. ती हवेतून सरळ मागच्या फळीवर जाईल आणि तिच्यातून बाहेर पडेल.

दुसरी गोष्ट बरोबर नेमाच्या रेषेत घडते. सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी झाडल्या, तर त्या एकाच ठिकाणी साचतात. हात घालून बघितलं तर वाळूऐवजी शिशाचा आणि तांब्याच्या कवचांचा एक वेडावाकडा गोळा हाताला लागतो. पुढच्या गोळीसाठी तिथे आता वाळू नाहीच, धातू आहे. ती त्यावर आदळते, फुटते, आणि तुकडा आल्या वाटेने परतही येऊ शकतो. आणि तिसरी गोष्ट, दाणे चिरडून वाळूचं पीठ होतं. हे सिलिकाचं पीठ हवेत उडतं, आणि ते वर्षानुवर्षं फुप्फुसात जात राहिलं तर होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

म्हणून वाळूचा सापळा चालवायचा तर झाकण उघडता येणारं हवं, वाळू वरून भरता यायला हवी, समोरची फळी सहज बदलता यायला हवी आणि ठराविक गोळ्यांनंतर सगळी वाळू बाहेर काढून चाळायला हवी. शेवटचं काम कंटाळवाणं आहे, आणि घरगुती सापळे चुकतात ते बहुतेक इथेच.

पोलाद कुणाच्या बाजूने उभं आहे

पोलादी पत्र्याबद्दल लोकांचा एक ठाम समज असतो, जितका जाड तितका सुरक्षित. खरं तर जाडीआधी दोन गोष्टी बघायच्या, पत्रा किती कठीण आहे आणि तो कोणत्या कोनात उभा आहे.

साधं बांधकामाचं पोलाद मऊ असतं. ब्रिनेल मापावर त्याचा कठीणपणा 120 ते 150 च्या घरात येतो. रायफलीच्या गोळीने त्याला खळगा पडतो. खळगा म्हणजे छोटी वाटीच. पुढच्या गोळीचं शिसं त्या वाटीत शिरतं, तिच्या कडेवरून वळतं आणि नेमबाजाकडे परत येतं. नेमबाजीच्या पत्र्यांसाठी वापरतात ते एआर 500 पोलाद याच मापावर 500 च्या आसपास असतं. त्याचा पृष्ठभाग सपाट राहतो, आणि सपाट पृष्ठभागावर फुटलेली गोळी पत्र्याला चिकटून, त्याच्या कडांच्या दिशेने चहूकडे पसरते. पत्र्याभोवती पुठ्ठ्याची चौकट लावून दहा गोळ्या झाडल्या तर हे स्पष्ट दिसतं. पुठ्ठ्यावर पत्र्याच्या रेषेत एक बारीक चीर पडलेली असते, सुरीने कापल्यासारखी, आणि त्या रेषेपासून लांब पुठ्ठा जवळपास कोरा असतो.

तुकडे कुठे जातात हे एकदा कळलं की त्यांना वाट करून देता येते. पत्रा वरच्या बाजूने पुढे झुकवला तर तुकडे खाली, वाळूच्या तसराळ्यात जातात. मोठ्या रेंजवर याचीच पुढची पायरी असते. दोन उतरते पत्रे गोळीला अरुंद फटीकडे नेतात, फटीमागे गोल पिंप असतं, गोळी त्या पिंपात आतल्या भिंतीला घासत गरगर फिरते आणि वेग संपला की खालच्या डब्यात पडते. गोगलगाईच्या शंखासारखा आकार असतो तो. मला ही रचना सगळ्यांत देखणी वाटते, कारण ती गोळीशी झुंजत नाही, तिला नुसती फिरवत ठेवते.

घरी पोलाद वापरणाऱ्याकडून एक चूक हटकून होते. कठीण पत्रा विकत आणतात आणि तो गॅसकटरने कापून, वेल्डिंग करून जोडतात. त्या उष्णतेने जोडाजवळचा कठीणपणा निघून जातो आणि महागड्या पत्र्याचा तेवढा पट्टा पुन्हा मऊ होतो. शिवाय गाभ्यात पोलाद असलेल्या गोळ्या कुठल्याच पत्र्याच्या सापळ्यात घालू नयेत. गोळीला लोहचुंबक चिकटला तर ती बाजूला ठेवावी.

रबराचं थोडक्यात सांगतो. जुन्या टायरांचा चुरा किंवा रबराचे ठोकळे गोळीला न फोडता थांबवतात, त्यामुळे धूळ कमी होते आणि तुकडा परत येण्याची भीती कमी. पण रबर पेटतं. मागे जळती रेघ सोडणारी ट्रेसर गोळी अशा सापळ्यात चुकूनही जाता कामा नये. आणि एकाच जागी गोळ्या साचण्याचं वाळूचं दुखणं रबरालाही आहेच.

पाणी, आणि गोळीवरची सही

न्यायवैद्यक प्रयोगशाळेला गोळी नुसती थांबवून चालत नाही, ती जशीच्या तशी परत हवी असते. नळीच्या आत मळसूत्रासारखे पिळदार आटे कोरलेले असतात, त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. हे आटे कोरणाऱ्या हत्याराचे आणि नंतरच्या वापराचे बारीक ओरखडे प्रत्येक नळीत वेगळे पडतात आणि गोळीच्या अंगावर उमटतात. घटनास्थळी सापडलेली गोळी त्याच बंदुकीची आहे का, हे बघायला त्या बंदुकीतून दुसरी गोळी झाडून दोन्ही शेजारी ठेवाव्या लागतात.

पूर्वी अशा चाचणीसाठी कापसाने भरलेल्या पेट्या वापरत. कापूस मऊ वाटतो, पण वेगाने घासणारे धागे बारीक ओरखडे पुसट करू शकतात. पाणी तसं करत नाही. म्हणून आता बऱ्याच प्रयोगशाळांत लांबलचक पोलादी टाकी असते, एका टोकाला तिरपी नळी, तिच्यातून गोळी पाण्यात झाडतात आणि नंतर तळातून उचलून घेतात. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे, आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गोळी जितकी वेगवान तितकं पाणी तिला जास्त अडवतं. पिस्तुलाची गोळी थोड्याच अंतरात मंदावते आणि दगडासारखी तळाशी जाते. अतिवेगवान रायफलीची गोळी मात्र पाण्यावरच फुटू शकते.

दोन गोळ्या एकाच वेळी शेजारी दाखवणारा तुलना-सूक्ष्मदर्शक 1920 च्या दशकात या कामात आला. 14 फेब्रुवारी 1929 रोजी शिकागोत सात माणसांना भिंतीशी उभं करून मारण्यात आलं. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या गणवेशात होते, त्यामुळे संशय पोलिसांवरही गेला. बंदुका-गोळ्यांचे तज्ज्ञ कॅल्विन गोडार्ड यांनी पोलिसांकडच्या थॉमसन, म्हणजे सलग गोळ्या झाडणाऱ्या, बंदुकांतून चाचणीच्या गोळ्या झाडून तुलना केली आणि त्या बंदुका यात नव्हत्या हे दाखवलं. पुढे त्याच वर्षी मिशिगनमध्ये जप्त झालेल्या दोन थॉमसन बंदुकांशी ओरखडे जुळले. निर्दोष कोण आणि संशयित कोण, हे ठरवायला नीट पकडलेली गोळी लागली.

पाण्याची बादली किंवा प्लॅस्टिकचं पिंप घेऊन हा प्रयोग घरी करू नये. पाणी दाबलं जात नाही. गोळीने बाजूला सारलेलं पाणी क्षणात भिंतींवर आदळतं आणि पिंप शिवणीवर फाटतं. शिवाय पृष्ठभागाशी फार लहान कोन केला तर नदीत टाकलेल्या चपट्या दगडासारखी गोळीही टप्पा खाऊन वर येते.

गोळीखेरीज जे बाहेर येतं

सापळा गोळी पकडतो. नळीतून गोळीबरोबर वायू, आवाज आणि शिसंही निघतं, आणि घरी बांधणाऱ्याच्या आराखड्यात यांपैकी एकही नसतं.

नऊ मिलिमीटर काडतुसासाठी मान्य असलेला कमाल दाब 2350 बार (हे दाबाचं एकक) आहे, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या हजारपट. नळीच्या तोंडापर्यंत येताना तो बराच उतरतो, तरी नळी खोक्याच्या भोकात खुपसून बार काढला तर वायूला बाहेर पडायला जागा उरत नाही. तो वाळू आणि फळीचे ढलपे घेऊन उलटा बाहेर येतो, तोंडावर. भोक आणि नळी यांत मोकळी जागा हवी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आवाज तर सापळ्याने कमीही होत नाही. तो नळीच्या तोंडाशीच होतो, 150 ते 165 डेसिबलचा. एका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते, त्याची सीमा 140 धरतात. बंद खोलीत तो भिंतींवरून पुन्हा पुन्हा येतो.

शिशाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटक मिश्रणात बहुधा शिशाचं संयुग असतं, गोळीच्या उघड्या बुडाचं शिसं तप्त वायूने उडतं, आणि सापळ्यावर फुटताना उरलेल्याची भुकटी होते. ती कपड्यांवर, केसांवर, बुटांच्या तळव्यांवर बसून घरात येते. रांगणारं मूल जमिनीवरून हात उचलून तोंडात घालतं. मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. हे नुकसान दिसत नाही, दुखत नाही आणि भरूनही येत नाही. तळघरात किंवा गॅरेजमध्ये सापळा ठेवून बार काढणं मला पटत नाही ते मुख्यतः यासाठी. साफसफाई ओल्या फडक्याने करायची, झाडूने कधीच नाही. साध्या व्हॅक्युमनेही नाही, कारण त्याच्या गाळणीतून बारीक कण पुन्हा हवेत जातात.

घरी काय जमतं

एअर रायफलीच्या छर्ऱ्यांचा सापळा घरी नक्की जमतो. दहा मीटर नेमबाजीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास जातो आणि त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आत असते. पिस्तुलाच्या गोळीचा पासष्टावा भाग. खोल पत्र्याचा डबा, आत झुकवून बसवलेला जाड पत्रा, समोर लक्ष्याचा कागद. पत्र्याऐवजी न वाळणाऱ्या लांबीचा (पुट्टीचा) जाड थर दिला तर छर्रे त्यात रुतून बसतात, टणत्कारही येत नाही. माझ्या डब्यातले छर्रे काढतो तेव्हा ते चपटे झालेले असतात आणि बोटांना राखाडी डाग पडतो. तो डाग शिशाचाच. हात साबणाने धुतल्याशिवाय मी कशालाच शिवत नाही. पोलादी गोल छर्रे मात्र पत्र्याच्या सापळ्यात वापरू नयेत, ते चपटे होत नाहीत, थेट उलटे येतात.

खऱ्या बंदुकीचा बार परवानगी असलेल्या रेंजवर, मागे मातीचा उंच बांध असताना काढावा. सापळा असला तरी बांध हवा, कारण सापळ्यात फक्त नेमावर गेलेली गोळी सापडते, चुकलेली नाही. दुरुस्त केलेल्या बंदुकीबाबत जाणत्या कारागिरांची एक शिस्त आहे. पहिल्यांदा एकच काडतूस भरायचं, बंदूक पक्की आवळून लांबून दोरीने चाप ओढायचा. ते ठीक गेलं की दोन भरायची, जास्त नाही. चापाचा अडकवा, म्हणजे घोडा धरून ठेवणारा भाग, झिजलेला असेल तर एकदाच ओढूनही दोन्ही बार निघतात, आणि दुसऱ्या बाराच्या वेळी नळी वर उचललेली असते. दोनच भरली असतील तर ती चूक दुसऱ्या गोळीवर संपते.

आणि सापळ्याच्या पाठीमागे, चार बोटांवर, एक पातळ पत्रा उभा करायचा. तो काहीच अडवत नाही. चाचणी करणारे त्याला साक्षीचा पत्रा म्हणतात. त्याला पांढरा रंग द्यायचा, म्हणजे फुगवटा आला, ओरखडा उमटला किंवा टाचणीएवढं भोक पडलं तरी लांबून दिसतं. बार काढण्याआधी बंदुकीकडे जायच्या अगोदर मागे जाऊन तो पत्रा बघायचा. त्यावर काहीही उमटलेलं असेल तर त्या दिवशी काडतुसांची पेटी उघडायची नाही, सापळा उघडायचा.